नवरीचा पोशाख कोणासाठी?

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामात लग्नांच्या घोषणा सुरू होतात. रविवारी मिस्साच्या शेवटी धर्मगुरू नावे वाचतात आणि बाकांवर बसलेले आपण सगळे, त्या घरची माणसे कुठे बसली आहेत ते मान वळवून पाहतो. येत्या जानेवारीत त्या नावांमध्ये आमच्या धाकट्या मुलीचेही नाव असणार आहे. मुलगा चांगला आहे, माणसे समजूतदार आहेत, देण्याघेण्याची भाषा कोणी काढलेली नाही. तरीही गेले काही महिने आमच्या घरात एकाच गोष्टीवरून रोज कुरबूर चालू आहे. ती गोष्ट म्हणजे गाऊन.

धाकटी रोज संध्याकाळी मोबाईलवर नवे फोटो दाखवते. आम्ही दोघे ‘छान आहे’ म्हणतो आणि किंमत ऐकून गप्प होतो. आमच्या गप्प बसण्याचा तिला राग येतो. वाद वाढत गेला तेव्हा आम्ही ठरवले की ‘परवडते की नाही’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न विचारावा. लग्नात कोणते कपडे घालावेत, हा सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे का? की ती केवळ ज्याची त्याची आवड आहे आणि त्यात देवाधर्माला ओढण्याचे काही कारण नाही?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पांढरा गाऊन हा ख्रिस्तसभेचा नियम आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तसे नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार लग्न होते ते वधूवरांच्या मोकळ्या संमतीने. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर लग्न लागले पाहिजे असे ठरवले, कारण गुपचूप लग्न करून नंतर ते नाकारणाऱ्यांमुळे कित्येक स्त्रियांची फसवणूक होत होती. साक्षीदार दोन असावेत हे आजही बंधनकारक आहे. पण नवरीने काय नेसावे याबद्दल त्या कायद्यात एक शब्दही नाही.

मग पांढरा रंग आला कुठून? युरोपातील सामान्य मुली पूर्वी आपल्याकडचा सर्वांत चांगला पोशाख लग्नात घालीत. तो निळा असे, तपकिरी असे, कधी काळाही असे, आणि पुढे कित्येक वर्षे तोच पोशाख रविवारी चर्चला घातला जाई. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने पांढऱ्या सॅटिनच्या पोशाखात लग्न केले. त्यावर डेव्हन परगण्यातील बायकांनी हाताने विणलेली लेस होती. यंत्राच्या लेसमुळे त्या कारागिरांचे पोट चालेनासे झाले होते आणि त्यांना काम मिळावे हा तिच्या निवडीमागचा एक हेतू होता. तिच्याआधीही काही राजघराण्यांतील मुलींनी पांढरे घातले होते, पण चाल पडली ती व्हिक्टोरियापासून. पांढरा रंग म्हणजे कौमार्य, हा अर्थ लोकांच्या मनात पक्का झाला तो त्यानंतरच्या काळात.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक धागा आहे. मुंबई आणि साष्टीच्या गावठाणांतील आपल्या ख्रिस्ती बांधवांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव आपल्या संघटनेला दिले ते १८८७ साली, त्याच व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. त्या पिढीच्या बायका मात्र नऊवारी लुगड्यातच चर्चला येत होत्या. आपल्या वसईतही आज्या-पणज्यांचे लाल लुगडे अनेकांना आठवत असेल. पुढे पांढरी साडी आणि डोक्यावर नेट आले. आमचे स्वतःचे लग्न त्याच पोशाखात झाले. गाऊन सर्रास दिसू लागला तो त्याहीनंतर. गोव्यात तर अजूनही लग्नाआधी शिंप्याला घरी बोलावून नवरीचा लाल ‘सादो’ कापण्याचा समारंभ होतो. सांगायचे इतकेच की देवाने ठरवून दिलेला असा लग्नाचा पोशाख नाही. तो माणसांनी ठरवला आणि माणसांनी पुन्हा पुन्हा बदलला.

आता सध्याच्या फॅशनकडे वळू. धाकटीच्या कृपेने या विषयात आमचे बरेच शिक्षण झाले आहे. चौकोनी गळा, आतल्या पट्ट्या दिसतील असा घट्ट कॉर्सेट, पुढे टोकदार उतरत जाणारी कंबर, पाठीवर मोठी बो, कोपरापर्यंतचे हातमोजे, असे प्रकार गेल्या काही वर्षांत पुन्हा आले आहेत. वेगळ्या करता येणाऱ्या बाह्या आणि वरून बांधायचा घेर, हे तर फारच लोकप्रिय झाले आहे. चर्चमध्ये बाह्या आणि लांब घेर लावायचा, हॉलवर गेल्यावर दोन्ही काढून ठेवायचे, म्हणजे एकाच पोशाखाचे दोन होतात. शुभ्र पांढऱ्याऐवजी हस्तिदंती किंवा फिकट सोनेरी रंग चालतो. नेटच्या काठावर दोघांची नावे आणि तारीख भरून घेतात. कोणी रिसेप्शनला दुसरा आखूड पोशाख घालते. दुसऱ्या टोकाला, काहीच नक्षी नसलेला अगदी साधा सॅटिनचा गाऊन हीदेखील एक फॅशनच आहे आणि तो साधा म्हणून स्वस्त असतो असे समजू नये. काही मुली भाड्याचा किंवा एकदा वापरलेला गाऊन घेतात, तर काही जणी आजीचे लुगडे पेटीतून बाहेर काढून लग्नाच्या आदल्या दिवशीच्या पाण्याच्या विधीला हौसेने नेसतात.

या यादीत पाप कुठे आहे, असे कोणी विचारले तर आम्हाला बोट ठेवता येणार नाही. हातमोज्यात पाप नसते आणि बोमध्येही नसते. पवित्र शास्त्रानेही नटण्याला सरसकट नावे ठेवलेली नाहीत. देवाने दिलेल्या तारणाचे वर्णन करताना यशया संदेष्ट्याला (अध्याय ६१) दागिन्यांनी सजलेली नवरीच आठवली. एदेन बागेतून माणसाला बाहेर काढताना परमेश्वराने प्रथम त्याला कपडे करून घातले, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. म्हणजे वस्त्र ही आपल्या लाजेवर देवाने घातलेली पाखर आहे.

तरीही पेत्राचे पहिले पत्र (अध्याय ३) स्त्रियांना सांगते की त्यांची शोभा केसांच्या रचनेत आणि सोन्यात नसून अंतःकरणात असावी. आणि याकोबाच्या पत्रातील (अध्याय २) तो प्रसंग तर आपल्याच चर्चमध्ये घडल्यासारखा वाटतो. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला की त्याला पुढची जागा, आणि मळक्या कपड्यातला आला की त्याला ‘तू तिथे उभा राहा’. लक्षात घ्या, याकोब इथे चांगले कपडे घालून आलेल्या माणसाला दोष देत नाही. त्या कपड्यांकडे पाहून माणसाची किंमत ठरवणाऱ्या मंडळीला तो दोष देतो.

या विषयावर घरोघरी दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, ‘देव मन बघतो, कपडे बघत नाही.’ दुसरे म्हणजे, ‘ख्रिस्ती माणसाने साधे राहावे.’ दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर आपण बहुधा स्वतःचा खर्च झाकण्यासाठी देतो आणि दुसरे दुसऱ्याचा खर्च मोजण्यासाठी. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी बाह्य पोशाखाविषयी एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की दोष वस्तूत नसतो, ती वापरणाऱ्याच्या अमर्यादपणात असतो. मर्यादा कोणती हे ठरवताना आपण ज्या लोकांत राहतो त्यांची रीत लक्षात घ्यावी लागते. आणि संत ऑगस्टिन यांचा आधार घेऊन ते एक इशाराही देतात: माणूस झगमगाटाने जसा मिरवतो, तसा फाटकेपणानेही मिरवू शकतो. महागडा ‘साधा’ गाऊन घालून सगळ्यांना आपला साधेपणा दाखवणे हा त्याचाच आजचा नमुना.

‘आपण ज्या लोकांत राहतो’ हे शब्द आम्हाला लागले. ते का, हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सात वर्षांपूर्वी आमच्या थोरलीचे लग्न झाले. पहिलेच कार्य, हातात निवृत्तीचे पैसे. आम्ही हौस केली. मुंबईहून गाऊन शिवून आणला, त्याचा घोळ उचलायला दोन मुली लागत. संध्याकाळसाठी दुसरा पोशाख घेतला. सगळ्यांनी कौतुक केले. ते आम्हाला आवडले, हे आज कबूल करतो. कर्ज काढले नाही, कोणाला फसवले नाही, हुंडा दिला नाही. म्हणून आम्ही निश्चिंत होतो की आपल्या हातून काही चुकीचे घडलेले नाही.

पुढच्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या घरी लग्न होते. मुलगी आमच्या थोरलीची बालमैत्रीण. तिचे वडील एका संध्याकाळी सहज आल्यासारखे आले, चहा घेतला आणि जाता जाता विचारले, “गाऊन कुठून आणलात हो? केवढ्याला पडला?” आम्ही दुकान सांगितले, किंमतही सांगितली. ते ‘बरं’ म्हणाले आणि गेले. लग्न थाटात झाले. गाऊन जवळजवळ तसाच होता. आम्ही आहेर केला आणि जेवून आलो.

त्या लग्नासाठी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले होते, हे आम्हाला चार वर्षांनी कळले, तेही त्यांच्या आजारपणात, कसल्याशा कागदावर सही करायला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा. हप्ते अजून चालू होते. आमच्या तोंडून निघाले, “अहो, कशाला काढलंत?” ते शांतपणे म्हणाले, “तुमच्या मुलीच्या लग्नात माझी पोर मागच्या बाकावर बसून नुसती त्या गाऊनकडे बघत होती. बापाचं मन आहे, भाऊ.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर आम्हाला बरे वाटले असते.

त्या दिवसापासून एक गोष्ट आम्हाला स्पष्ट दिसते. लग्नाच्या पोशाखाचे पैसे एकटा विकत घेणारा भरत नाही. त्यानंतर त्याच वाडीत ज्या मुलीचे लग्न होते, तिचे आईवडीलही त्यातला काही भाग भरतात. प्रत्येक थाटाचे लग्न गावाची रीत थोडी वर सरकवते. ज्याला परवडते त्याला ती सरकल्याचे जाणवतही नाही. ज्याला परवडत नाही त्याच्यासमोर मात्र दोनच वाटा उरतात: कर्ज किंवा कमीपणा. ‘आमचे पैसे, आमची हौस’ हे बोलणे म्हणून अर्धेच खरे आहे. पैसे आमचे होते. रीत सगळ्यांची होती.

यावर कोणी म्हणेल, शेजाऱ्याने बरोबरी केली हा त्याचा दोष, त्यात तुमचे काय? आम्हीही स्वतःला हेच समजावून पाहिले. दुसऱ्याच्या प्रत्येक हव्यासाची जबाबदारी आपल्यावर येत नाही, हे खरेच आहे. नाहीतर चांगले घर बांधणे आणि मुलांना शिकवणेही गुन्हा ठरेल. पण घर आणि शिक्षण यांचा उपयोग त्यांच्या दिसण्यात नसतो. सहाशे माणसांसमोरून चालत जाणारा पोशाख दिसण्यासाठीच असतो. जी गोष्ट आपण दाखवण्यासाठी करतो, ती पाहणाऱ्याचे काय होते याचा विचार करायला आपण बांधील आहोत. आणि किंमत विचारायला आलेल्या बापाला आकडा सांगताना, त्याचा चेहरा वाचण्याची तसदी तरी आम्ही घ्यायला हवी होती.

मर्यादेच्या दुसऱ्या अर्थाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. उघडे खांदे, खोल गळा, यावर चर्चच्या आवारात फार चर्चा होते. वेदीसमोर येताना पोशाखात अदब असावी हे आम्हालाही मान्य आहे. पण एका लग्नात आम्ही पाहिले की ऐन दारात, वऱ्हाडासमोर नवरीला गळ्यावरून बोलले गेले. कोणीतरी शाल आणून तिच्या खांद्यावर टाकली. ती संपूर्ण मिस्साभर रडत होती. त्याच लग्नात नवऱ्यामुलाचे दोन मित्र दारूचा वास घेऊन पुढच्या बाकावर बसले होते. त्यांना कोणी हटकले नाही. सांगायचे ते विवाहपूर्व शिबिरात, कापड कापण्याआधी, दोघांनाही सांगावे. लाजेवर पाखर घालणाऱ्या देवाच्या घरात एका मुलीला तिच्याच लग्नाच्या दिवशी लाज आणणे ही मर्यादा नव्हे. शिवाय खर्चाचा हिशेब करताना केवळ गाऊनवर बोट ठेवणे हाही अन्याय आहे. बँड, दारू, फटाके आणि ड्रोनचे शूटिंग यांचे बिल कोणी जाहीरपणे वाचत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात (परिच्छेद २१२) याच दुखण्यावर बोट ठेवले होते. आमंत्रणे, कपडे, मेजवानी यांतच पैसा आणि शक्ती संपते आणि लग्नाच्या दिवशी वधूवर दमून भागून वेदीपाशी पोहोचतात, असे त्यांनी लिहिले. वेगळे वागण्याचे धैर्य दाखवा, साधा समारंभ करा, असा धीर त्यांनी तरुणांना दिला. धैर्य हा त्यांचा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कारण साधेपणाला पैसे लागत नसले तरी ‘लोक काय म्हणतील’ हे सोसण्याची ताकद लागते.

असे धैर्य दाखवणारे होऊन गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन वैमानिकाचे प्राण ज्या नायलॉनच्या पॅराशूटने वाचले, त्याच कापडाचा पोशाख करून त्याच्या वाग्दत्त वधूने १९४७ साली त्याच्याशी लग्न केले. पुढे त्यांच्या मुलीने आणि सुनेनेही तोच घातला. आज तो स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. व्हिक्टोरिया राणीच्या लग्नातील नेट १८८५ साली तिच्या धाकट्या मुलीने, बिअ‍ॅट्रिसने, आपल्या लग्नात घेतले. २०२० साली इंग्लंडच्याच दुसऱ्या एका बिअ‍ॅट्रिस राजकन्येने आपल्या आजीचा, एलिझाबेथ राणीचा, जुना पोशाख दुरुस्त करून घातला आणि त्यातच लग्न केले. राजवाड्यातल्यांना जुने घालायला लाज वाटत नाही, मग आपल्याला का वाटावी?

प्रभू येशूच्या दाखल्यात (मत्तय, अध्याय २२) लग्नाच्या मेजवानीला एक मनुष्य लग्नाच्या वस्त्राशिवाय येतो आणि बाहेर काढला जातो. लहानपणी आम्हाला त्या माणसाची कीव येई. बिचाऱ्याकडे कपडे नसतील! संत ऑगस्टिन आणि पोप थोर संत ग्रेगरी या दोघांनीही त्या वस्त्राचा अर्थ प्रीती असा सांगितला आहे. जो मेजवानीला आला पण शेजाऱ्यावरची प्रीती पांघरून आला नाही, तो उघडाच आला. तसे पाहिले तर थोरलीच्या लग्नात सर्वांत उघडे आम्हीच होतो.

हे सगळे आम्ही धाकटीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग ताईच्या वेळी का नाही सुचलं? तिच्या वेळी हौस आणि माझ्या वेळी प्रवचन?” प्रश्न बरोबर होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच माळ्यावरून ताईचा गाऊन काढला. प्लास्टिकच्या पिशवीत राहून तो पिवळा पडला होता आणि तिला तो नीट बसतही नव्हता. पण वरची लेस चांगली होती. आता गावातलाच शिंपी ती लेस आमच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीच्या रेशमावर बसवून देणार आहे. चौकोनी गळा असेल, काढता येणाऱ्या बाह्याही असतील, कारण तिला त्या आवडतात. दुसरा पोशाख मात्र नाही. आदल्या दिवशी ती आजीचे लाल लुगडे नेसणार आहे.

याने सगळे प्रश्न सुटले असे नाही. जेवणावळीची यादी अजून सहाशेवर अडली आहे आणि तिथे हट्ट धाकटीचा नसून आमचा आहे. शेजारच्या भाऊंचे कर्ज फिटले, पण ते आम्ही फेडले नाही, त्यांनीच फेडले. गेल्या आठवड्यात ते घरी आले तेव्हा शिंप्याने आणलेले कापड समोरच पडले होते. त्यांनी लेस हातात घेतली, ओळखली आणि हसून म्हणाले, “आता धाकटीसाठी मला काही विचारायला नको.” त्यांची धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी या लग्नसराईत कार्य आहे त्यांना आमची एवढीच विनंती. गाऊन पसंत करण्याआधी वधूवरांनी आणि आईवडिलांनी एकत्र बसावे आणि तीन गोष्टी एकमेकांना विचाराव्यात. हा पोशाख आपल्याला आनंद देण्यासाठी आहे की कोणाच्या तरी पुढे जाण्यासाठी? तो उद्या आणखी कोणाच्या उपयोगी पडेल का? आणि आपल्यानंतर ज्या घरी लग्न आहे, त्या घरच्या बापाने किंमत विचारली, तर ती आपण खाली न बघता सांगू शकू का?

स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्या प्रत्येकाच्या अंगावर एक पांढरे वस्त्र घातले गेले होते. श्रीमंताच्या बाळाला आणि गरिबाच्या बाळाला, दोघांनाही. ख्रिस्ती नवरीच्या पांढऱ्या पोशाखात काही अर्थ असेल तर तो तिथून यावा. ज्या जोडप्यांची नावे येत्या रविवारी वाचली जातील, त्यांना प्रभू येशू ते वस्त्र जन्मभर सांभाळण्याची कृपा देवो.